४० लाख आले आहेत, कुठे टाकू? आधी हा प्रश्नच मोठा करा

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, नाशिकला नोकरी, वार्षिक पगार साडेबारा लाख. वडिलांनी १९९४ साली २ लाखांना घेतलेली गावची शेतजमीन विकून ४० लाख हातात आले आहेत. जमीन ग्रामीण हद्दीतली असल्याने भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असं सीएंनी सांगितलं आहे. राहत्या घराचं १४ लाखांचं कर्ज बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, अजून १२ वर्षं. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. काका म्हणतात पुण्यात वन बीएचके घे, मेहुणे म्हणतात पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेव, ऑफिसातले म्युच्युअल फंड सांगतात. काय करावं आणि असा निर्णय घेताना विचार कसा करावा?

तुमच्या प्रश्नात तीन पर्याय आहेत आणि तिन्ही दुसऱ्यांनी सुचवलेले आहेत. चौथा पर्याय तुमच्याच वाक्यात आहे: राहत्या घराचं कर्ज फेडून टाकणं. तो कुणी गुंतवणूक म्हणून पुढे केला नाही, कारण त्यात कुणाला दाखवण्यासारखं काही नसतं. पैसा हातात आला की आपण "कुठे टाकू?" असं विचारतो आणि विचार तिथेच अरुंद होतो. जमिनीचे ४० लाख एका कप्प्यात, कर्ज दुसऱ्या, मुलीची फी तिसऱ्या, पीएफ चौथ्या कप्प्यात. पैशाला हे कप्पे माहीत नसतात. म्हणून आधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे घरात जे जे आहे ते सगळं लिहा: राहतं घर, पीएफ, सोनं, ठेवी, हे ४० लाख. मध्ये देणी. उजवीकडे पुढच्या १५ वर्षांत कधी, किती पैसे लागणार ते. तासाभराचं काम आहे. पुढची सगळी गणितं याच कागदावर होतात.

आता कराकडे बघा, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर तुमचं करपात्र उत्पन्न ११.७५ लाख होतं. १२ लाखांपर्यंत पूर्ण सूट असल्याने आज तुमचा कर शून्य आहे. हे ४० लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला २.८ लाख व्याज येईल आणि उत्पन्न १४.५५ लाखांवर जाईल. सूट गेली की कर सुरुवातीपासून मोजला जातो: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,०००, उरलेल्या २.५५ लाखांवर १५ टक्क्यांनी ३८,२५०. उपकरासह १,०२,१८०. म्हणजे २.८ लाख व्याजातले हातात १.७८ लाख राहिले. पासबुकावर सात टक्के, खिशात साडेचारच्या आत.

याउलट १४ लाखांचं कर्ज फेडलं तर पहिल्या वर्षातच सुमारे १.१६ लाख व्याज वाचतं. वाचलेल्या व्याजावर कर नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही, त्यामुळे कर्ज ठेवण्यात करबचत आहे हा जुना हिशेब तुम्हाला लागू नाही. साडेआठ टक्के, खात्रीचे, करमुक्त. असा दर आज कुठलीही चांगली बँक तुम्हाला ठेवीवर देणार नाही.

इथे एक सावधगिरी. १२ लाख ओलांडले की पूर्ण सूट जाते, हा कडा तुमच्यासाठी एक-दोन पगारवाढींपुरताच आहे. पगारच पावणेतेरा लाखांच्या बऱ्यापैकी वर गेला की कर तसाही लागणार, आणि मग वरच्या व्याजावर उपकरासह १५.६ टक्के कर जाऊन सात टक्क्यांचे ५.९ हातात राहतील. म्हणून यंदाच्या कराकडे बघून पंधरा वर्षांचा निर्णय घेऊ नका. यंदा पैसे कसे ठेवायचे, एवढंच त्यावरून ठरवा. आणि पत्नीच्या नावावर ठेवून हे टळेल असं वाटत असेल, तर तुम्ही पत्नीला दिलेल्या पैशावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

काकांच्या सल्ल्यामागे गावच्या जमिनीचा अनुभव आहे: "२ लाखांचे ४० लाख झाले, वीस पट!" वीस पट ऐकायला प्रचंड वाटतं, पण ३१ वर्षांत वीस पट म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांहून किंचित जास्त. याच काळात सेन्सेक्स ४,००० च्या आसपासवरून २०२५ अखेरीस ८०,००० च्या वर गेला, म्हणजे तोही वीस पट, लाभांश वेगळा. जमीन वाईट होती असं मी म्हणत नाही. पण "पट" हे माप काळ लपवतं. कुणी पटीत सांगितलं की लगेच "किती वर्षांत?" विचारा आणि वार्षिक दर काढा. त्याच गावात त्याच वर्षी घेतलेल्या ज्या जमिनी वाटणीच्या दाव्यात अडकल्या किंवा ज्यांना गिऱ्हाईकच आलं नाही, त्यांची गोष्ट जेवणाच्या पंगतीत कुणी सांगत नाही, हेही लक्षात ठेवा.

जुन्या विमा पॉलिसीलाही हेच माप लावा. वर्षाला ५०,००० याप्रमाणे २० वर्षं भरले आणि शेवटी १९ लाख मिळाले, तर "१० चे १९ झाले" असं सांगतात. एक्सेलमध्ये एका रकान्यात तारखा आणि शेजारी रकमा टाका, भरलेल्या उणे चिन्हाने, मिळालेली अधिक, आणि एक्सआयआरआर हे सूत्र लावा. उत्तर ५.८ टक्क्यांच्या आसपास येतं. हे एक सूत्र शिकलात तर अर्धे सल्ले आपोआप गळतील.

फ्लॅट. यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे अडकतो आणि गणित सगळ्यात कमी लोक करतात. समजा ४० लाखांचा तयार, दुसऱ्या हातचा वन बीएचके घेतला. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे २.८ लाख. नोंदणी फी ३०,०००. एजंटाला एक टक्का, ४०,०००. रंग, ग्रिल, किचन ट्रॉली, पंखे धरून दीड लाख. झाले ४५ लाख. म्हणजे हातातले ४० पुरत नाहीत, वरचे ५ कुठून आणणार हा पहिला प्रश्न.

भाडं १३,००० धरू. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं असं धरा, कारण भाडेकरू बदलताना तसं होतंच. ११ महिन्यांचे १.४३ लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,००० प्रमाणे २४,०००, मिळकत कर ६,०००, नळ-प्लंबिंग-रंग यांसाठी सरासरी १०,०००. उरले १.०३ लाख. ४५ लाखांवर २.३ टक्के. यंदाच्या कड्यामुळे त्यातले सुमारे ७३,००० करात जातील. कडा मागे पडल्यावरही कर जाऊन साधारण दोन टक्केच राहतात.

बाकी सगळी भिस्त किंमत वाढण्यावर. १२ वर्षांत भाड्यासह वर्षाला नऊ टक्के मिळायला हवे असतील, तर तुमच्या ४५ लाखांचे १०१ लाख व्हायला हवेत. पण बाजारात तुमच्या घराची किंमत ४५ नाही, ४० च आहे. शुल्क, एजंट आणि रंगाचे ५ लाख विकताना परत मिळत नाहीत. ४० चे १०१ व्हायला वर्षाला आठ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ लागते, बारा वर्षं सलग, आणि इमारत तेवढी जुनी होत असताना. विकतानाचा १२.५ टक्के भांडवली नफा कर अजून धरलेला नाही.

मग विचारायचा प्रश्न हा: या इमारतीत, या गल्लीत, गेल्या दहा-बारा वर्षांत आठ टक्के वाढ झाली आहे का? याचं उत्तर एजंटाला विचारू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची-२, म्हणजे झालेल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, बघा. त्याच सोसायटीतले २०१३-१४ चे आणि आत्ताचे व्यवहार शोधा, मोबदल्याची रक्कम क्षेत्रफळाने भागून दर काढा. चार-पाच व्यवहार पुरेत. आठ टक्के दिसले तर काकांचं म्हणणं विचारात घ्या. चार दिसले तर विषय संपला. जाहिरातीतला दर आणि सूची-२ मधला दर यांत फरक पडतो तोही तिथेच कळतो. आणि कागदाकडे परत एकदा बघा: राहतं घर आहेच, दुसरा फ्लॅट घेतला की घरातली जवळजवळ सगळी पुंजी विटांमध्ये जाते. मुलीची फी भरायला फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

पतसंस्थेचं गणित वेगळ्या पद्धतीने करा. सात ऐवजी साडेनऊ टक्के, म्हणजे ४० लाखांवर वर्षाला १ लाख जास्त. हा १ लाख कशाचा मोबदला आहे? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली, त्याआधी १ लाख होती. पतसंस्था ही बँक नाही, तिथे हा विमा लागूच होत नाही. १ लाख जास्त मिळवण्यासाठी ४० लाख पणाला लागतात. वर्षाला ४० मध्ये १ इतकी जरी बुडण्याची शक्यता असली तरी तो जास्तीचा लाख फिटून गेला. तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता का, की शक्यता त्याहून कमी आहे? अनेक पतसंस्था उत्तम चालतात. पण ती चांगली आहे हे तुम्हाला कशावरून कळणार? तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचं प्रमाण, आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं, एवढं बघितल्याशिवाय ठेवू नका. "मेहुण्यांचे दहा वर्षं वेळेवर येताहेत" हा पुरावा धरू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथेही सगळ्यांचे वेळेवर येत होते.

आता ऑफिसातल्यांचं म्हणणं. शेअर बाजाराचा विचार करताना आपण गेल्या एक-दोन वर्षांचा परतावा बघतो, हीच सगळ्यात महाग पडणारी सवय. आधी बाहेरून बघा: माझ्यासारख्या परिस्थितीत आजवर काय काय घडलं आहे? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वर होता, मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली. जानेवारी २००८ मध्ये सगळे एकदम टाकणाऱ्याला मुद्दल टिकाऊपणे परत दिसायला साधारण सहा वर्षं लागली. २०२० मध्ये निफ्टी, सेन्सेक्ससारखाच दुसरा निर्देशांक, जानेवारीत १२,४३० वर होता, २४ मार्चला ७,५११ पर्यंत खाली आला, आणि नोव्हेंबरपर्यंत जुन्या पातळीवर परतलासुद्धा. एकदा सहा वर्षं, एकदा आठ-दहा महिने. पुढची पडझड कोणत्या जातीची असेल हे आधी कळत नाही, म्हणून दोन्ही धरून चालायचं.

पडझड टक्क्यांत बोलू नका, रुपयांत लिहा. "चाळीस टक्के खाली" वाचताना काही वाटत नाही. "१५ लाखांचे ९ लाख दिसताहेत आणि बायको विचारतेय हे काय झालं" असं लिहिलं की पोटात गोळा येतो. तो गोळा आत्ताच येऊ द्या. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा मनाला बराच जास्त लागतो. त्यामुळे रोज मोबाइलवर बघणाऱ्याला चांगला फंडसुद्धा त्रासदायक वाटतो, कारण रोजच्या चढउतारात जवळजवळ निम्मे दिवस लालच दिसतात. वर्षातून दोनदा बघा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. ॲप मोबाइलवरून काढून टाका.

ऑफिसात कुणी ऑप्शन ट्रेडिंगचं (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) सुचवलं तर एकच आकडा पुरे: शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. मी त्या सातांत असेन असं वाटण्याआधी, बाकीच्या त्र्याण्णवांनाही तसंच वाटत होतं हे आठवा.

निर्णय पैसे टाकण्याआधी लिहून काढायचा. नंतर लिहिलेला उपयोगाचा नाही, कारण निकाल कळल्यावर आपली आठवण निकालाप्रमाणे बदलते. वहीचं एक पान पुरतं. तुमच्यासाठी ते असं दिसेल:

"निर्णय: १५ लाख निर्देशांक फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड), डायरेक्ट प्लॅन (मध्यस्थाच्या कमिशनशिवाय), १२ मासिक हप्त्यांत. का: हे पैसे मी ५९ चा होईपर्यंत लागणार नाहीत. अपेक्षा: बारा वर्षांत वार्षिक ६ ते १२ टक्के. वाईट शक्यता: पहिल्या तीन वर्षांत कधीतरी १५ चे ९ लाख दिसतील, माझ्या अंदाजाने पाचात एक. तसं झालं तर: हप्ते चालू, विक्री नाही. मत कशाने बदलेल: नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, किंवा फंडाचा खर्च वाढला. बाजार पडला हे कारण चालणार नाही. दोघांच्या सह्या, तारीख."

"पाचात एक" असा आकडा लिहायला लोक कचरतात. चुकला तरी चालेल, पण लिहा. "थोडी रिस्क आहे" या वाक्यात प्रत्येक जण आपल्याला हवं ते वाचतो.

सही करण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी रुजवलेली एक पद्धत वापरा. तुम्ही आणि पत्नी वेगवेगळ्या खोल्यांत बसा, दहा मिनिटं. असं समजा की पाच वर्षं उलटली आहेत आणि हा निर्णय साफ फसला आहे. का फसला याची तीन-तीन कारणं लिहा, मग कागद बदलून वाचा. "फसेल का?" विचारलं की माणूस बचाव करतो, "फसला, का ते सांग" म्हटलं की खरं बोलतो. वेगळं बसायचं कारण असं की एकत्र बसलं तर पहिल्या बोलणाऱ्याचंच कारण दोघांचं होतं. बहुतेक घरांत बाजार-बिजार बाजूला राहतं आणि कारणं अशी निघतात: भावाला उसने दिले, लग्नात जास्त खर्च झाला, टर्म विमा (मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणारा) नव्हता. तुमच्याकडे पुरेसा टर्म विमा आणि आरोग्य विमा नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी तो.

या सगळ्याअंती तुमच्या कागदावर मला जे योग्य दिसतं ते सांगतो. १४ लाख कर्जात. ३ लाख बँकेत मुदत ठेव म्हणून, अडीअडचणीला. त्याचं वर्षाचं २१,००० व्याज १२ लाखांच्या मर्यादेत बसतं. मुलीच्या फीसाठी ८ लाख मनी मार्केट किंवा लिक्विड फंडाच्या (थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारे फंड) ग्रोथ पर्यायात (नफा न वाटता फंडातच राहतो), कारण तिथे कर पैसे काढतानाच लागतो. ठेवीत मात्र व्याज मुदतीअखेर मिळत असलं तरी कर दरवर्षी लागतो आणि तुमच्या उत्पन्नाला १२ लाखांवरचे पहिले सुमारे ७० हजार जवळजवळ पूर्ण करातच जातात. जास्त व्याजाच्या मोहाने क्रेडिट रिस्क प्रकारच्या फंडात (कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या) हे पैसे टाकू नका. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेंपलटनने सहा डेट (कर्जरोख्यांच्या) योजना अचानक गुंडाळल्या आणि लोकांचे पैसे अडकले. फीची तारीख मात्र पुढे जात नाही. उरलेले १५ लाख वर लिहिल्याप्रमाणे. एकरकमी टाकलेले पैसे दीर्घकाळात बहुतेक वेळा हप्त्यांपेक्षा पुढे असतात. हप्ते सुचवतो ते पहिल्याच वर्षी घाबरून बाहेर पडू नये म्हणून.

कर्ज फिटल्यावर महिना सुमारे साडेपंधरा हजारांचा हप्ता सुटेल. सगळ्या योजनेची मेख इथे आहे. तो पैसा सहा महिन्यांत घरखर्चात विरघळतो आणि मग कर्ज फेडण्याचा अर्धा फायदा जातो. ज्या तारखेला कर्जाचा हप्ता जायचा त्याच तारखेला एसआयपी लावा, कर्ज बंद झालं त्याच महिन्यात. १५,५०० प्रमाणे १२ वर्षांत २२.३ लाख भरले जातील. सहा टक्के मिळाले तर सुमारे ३३ लाख, दहा मिळाले तर ४३.

घाई कशातच नको, पण कर्ज फेडायला थांबायचंही कारण नाही. फ्लॅट घेतला तर परत फिरायला सहा महिने आणि लाखो रुपये लागतात. लिक्विड फंडातून एक-दोन दिवसांत बाहेर पडता येतं. म्हणून कर्जाचे १४ बाजूला काढून बाकीचे तीन महिने लिक्विड फंडात ठेवा आणि तेवढ्यात सूची-२ चा शोध, विम्याचं काम, दोघांचे कागद उरकून घ्या. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. बँकेकडून आधी फोरक्लोजर पत्र मागवा, त्यात त्या तारखेपर्यंतचा अचूक आकडा असतो. पैसे भरल्यावर ना-देय दाखला घ्या. मूळ खरेदीखत आणि बाकी कागद ३० दिवसांत परत देणं बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर बँकेच्या चुकीने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. कागद हातात पडल्यावर पानं मोजून बघा, आणि घरावरच्या बोजाची नोंद कमी झाल्याचा पुरावाही बँकेकडून लेखी मागून घ्या.